न झालेली लढाई

२ एप्रिल १९४२च्या रात्री ब्रिटनच्या पूर्वेकडील आरमाराने सिलोनच्या दक्षिणेची गस्त आटोपती घेतली आणि पश्चिमेचा रस्ता धरला. तीन दिवस, तीन रात्री शत्रूची वाट पाहून झाली होती. शत्रू आला नव्हता. आणि जुन्या युद्धनौकांवरचे पिण्याचे पाणी संपत आले होते.

या जुन्या नौका म्हणजे रेझोल्यूशन, रॅमिलीज, रॉयल सॉव्हरिन आणि रिव्हेंज. चौघीही पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या, उत्तर समुद्रातल्या थोड्या दिवसांच्या फेऱ्यांसाठी बांधलेल्या. वेग ताशी जेमतेम वीस सागरी मैल. उष्ण कटिबंधातल्या लांबच्या पल्ल्यांसाठी लागणारे गोडे पाणी तयार करायची त्यांची ऐपतच नव्हती. त्यांच्या जोडीला वॉरस्पाइट ही आधुनिकीकरण झालेली युद्धनौका, इन्डॉमिटेबल आणि फॉर्मिडेबल या दोन चांगल्या विमानवाहू नौका आणि हर्मिस ही तिसरी, छोटी आणि वयस्क. कागदावर हे आरमार भरभक्कम दिसे. सरसेनापती सर जेम्स सॉमरव्हिल यांना मात्र कागदाचा भरवसा नव्हता. क्षयाच्या संशयावरून १९३९मध्ये निवृत्त केलेला हा माणूस युद्ध लागताच परत आला, जिब्राल्टरच्या ताफ्याचा सेनापती झाला, बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेच्या पाठलागात उतरला आणि आता पदभार घेऊन आठवडा झाला नाही तोच हिंदी महासागर राखायला समुद्रावर होता.

राखायचे होते म्हणजे नेमके काय, हे आधी पाहू. १० डिसेंबर १९४१ला प्रिन्स ऑफ वेल्स आणि रिपल्स या दोन मोठ्या नौका मलायाच्या किनाऱ्याबाहेर जपानी विमानांनी बुडवल्या. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडले, ८ मार्चला रंगून, २३ मार्चला अंदमान. बंगालचा उपसागर उघडा पडला. पण खरी भीती त्याच्याही पलीकडे होती. भूमध्य समुद्राचा रस्ता बंद झाल्यापासून इजिप्तमधल्या फौजेची सगळी रसद आफ्रिकेला वळसा घालून सुएझला जाई. आबादानचे तेल इराणच्या आखातातून निघे. रशियाला जाणाऱ्या अमेरिकी मदतीचा एक रस्ता इराणमधूनच जात होता. जपानने सिलोन घेतले असते, तर या तिन्ही वाटा त्याच्या टप्प्यात आल्या असत्या. हिंदुस्थान गेला असता की नाही हा पुढचा प्रश्न. कैरोतल्या रणगाड्यांचे पेट्रोल त्याआधीच आटले असते.

जपानी आरमारातल्या काही डोक्यांना हे दिसत होते. जपानी आरमाराचे सरसेनापती यामामोतो यांच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांनी सिलोनवर फौज उतरवण्याची योजनाही मांडली होती. भूदलाने एकही जादा डिव्हिजन द्यायला साफ नकार दिला. चीनमध्ये अडकलेल्या आणि रशियाकडे डोळा लावून बसलेल्या सेनापतींना समुद्रातल्या बेटांत रस नव्हता. मग योजना आखडत आखडत एका धाडीपुरती उरली: सिलोनवर झडप घालायची, ब्रिटिश आरमार बंदरात सापडले तर बुडवायचे आणि परत फिरायचे. जिंकून ठेवायचे काहीच नाही. या मोहिमेतल्या पुढच्या सगळ्या यशापयशाचे मूळ मला याच नकारात दिसते.

धाडीसाठी निवड झाली ती चुइची नागुमो यांच्या ताफ्याची, म्हणजे पर्ल हार्बर उद्ध्वस्त करणाऱ्या ताफ्याची. अकागी, सोर्यू, हिर्यू, शोकाकू आणि झुइकाकू या पाच विमानवाहू नौका आणि त्यांच्यासोबत चार वेगवान युद्धनौका. काहीशे विमाने आणि त्या घडीला जगात ज्यांच्या तोडीचे कुणी नव्हते असे वैमानिक. २६ मार्चला सेलेबीस बेटावरून हा ताफा निघाला. बेत ईस्टरच्या रविवारचा, ५ एप्रिलचा होता. रविवारच्या सकाळी झोपेतल्या बंदरावर जाण्याचा पर्ल हार्बरचा धडा त्यांना पाठ होता.

हल्ला होणार हे इंग्रजांना ठाऊक होते. कोलंबोतल्या सांकेतिक लिपी उकलणाऱ्यांनी जपानी संदेश फोडले होते, पण त्यांतून तारीख निघाली ती १ एप्रिलच्या सुमाराची. म्हणून सॉमरव्हिल तीन दिवस आधीपासून दबा धरून बसले. त्यांचा डाव साधा होता. दिवसा समोरासमोर गाठ पडू द्यायची नाही, कारण त्यात मरण ठरलेले. दिवसभर दूर राहायचे आणि अंधार पडल्यावर जवळ यायचे. त्यांच्या अल्बाकोर विमानांवर रडार होते. दोन पंखांची ही संथ विमाने दिवसा जपानी झीरो लढाऊ विमानांपुढे टिकली नसती, पण रात्री शत्रूला शोधून पाणतीर सोडू शकत होती. नागुमोंच्या एकाही जहाजावर रडार नव्हते. डाव शहाणपणाचा होता, तसाच भयंकर जुगाराचाही. रात्रीचा हल्ला फसला तर पहाट कुठे उजाडणार, याचे उत्तर सॉमरव्हिल यांच्याकडे नव्हते.

तीन रात्री काहीच घडले नाही तेव्हा त्यांनी ठरवले की बातमी खोटी होती. इथे त्यांचा अंदाज चुकला आणि पुढच्या आठवड्यातले बहुतेक ब्रिटिश बळी या चुकीच्या खात्यात पडतात. हर्मिसला त्यांनी मादागास्करच्या येऊ घातलेल्या मोहिमेच्या तयारीसाठी त्रिंकोमालीला पाठवले. डॉर्सेटशायर या क्रूझरला अर्धवट राहिलेल्या दुरुस्तीसाठी आणि कॉर्नवॉलला एका ताफ्याच्या सोबतीसाठी कोलंबोला. उरलेले आरमार घेऊन ते सहाशे मैलांवरच्या अड्डू प्रवाळद्वीपाकडे गेले. मालदीवच्या दक्षिण टोकाचा हा तळ इंग्रजांनी गुपचूप उभारला होता. तिथे तेलाची जहाजे होती, खोल पाण्याची खाजण होती आणि सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे जपान्यांना त्याचा पत्ता नव्हता.

४ एप्रिलच्या दुपारी आरमार अड्डूत शिरले. नळ जोडले जात होते तेवढ्यात, चारच्या सुमाराला, सिलोनच्या आग्नेयेला साडेतीनशे मैलांवर एका कॅटलिना विमानाच्या वैमानिकाला क्षितिजावर ठिपके दिसले.

लिओनार्ड बर्चल हा कॅनडाचा स्क्वाड्रन लीडर. त्याची तुकडी कोग्गलाच्या सरोवरावर नुकतीच येऊन पोचली होती. पहाटेपासूनची गस्त संपत आली होती. ठिपके कसले आहेत ते पाहायला तो आणखी दक्षिणेला गेला आणि ठिपक्यांच्या युद्धनौका झाल्या. नुसते ‘ताफा दिसला’ एवढे कळवून भागणार नव्हते. किती, कुठल्या, कुठे चालल्या आहेत हे सांगायला हवे होते. मोजायचे तर जवळ जावे लागणार. तो गेला. बिनतारी यंत्रावर संदेश खडखडत असतानाच झीरो विमानांनी त्याला घेरले. संदेश मध्येच तुटला, विमान समुद्रात आदळले. नऊ जणांपैकी सहा जण जपान्यांच्या हाती जिवंत लागले आणि बेदम मार खाऊनही संदेश गेलाच नाही असे सांगत राहिले. युद्ध संपेपर्यंत बर्चल कैदेत होता. सिलोनचा तारणहार हे नाव त्याला पुढे चिकटले ते योग्यच, पण त्याने तारले कोणाला ते नीट पाहायला हवे. कोलंबोला हल्ल्याची आदली संध्याकाळ मिळाली. बंदरातली चालती जहाजे रातोरात बाहेर काढता आली. अड्डूतल्या सॉमरव्हिलना मात्र संदेशाचा उपयोग नव्हता. तेल भरून ते मध्यरात्री निघाले, पण सहाशे मैल काही एका रात्रीत कापले जात नाहीत.

आता उलटा विचार करून पाहा. पाणी संपले नसते, गस्त आणखी दोन दिवस चालली असती, तर ५ एप्रिलची सकाळ या आरमाराला सिलोनच्या दक्षिणेच्याच पाण्यात उजाडली असती आणि भर दिवसा पाच विमानवाहू नौकांशी गाठ पडली असती. जुन्या नौकांची तहान इंग्रजांच्या पथ्यावर पडली.

ईस्टरच्या सकाळी आठच्या आत जपानी हवाई हल्ल्याचा नेता फुचिदा सव्वाशेवर विमाने घेऊन कोलंबोवर आला. हल्ल्याची खबर असूनही शहराला ऐनवेळचा इशारा मिळाला नाही. रत्मलाना विमानतळावरची हरिकेन विमाने जमिनीवर असतानाच झीरो माथ्यावर घोंघावू लागले. घोड्यांच्या शर्यतींच्या मैदानात एक धावपट्टी तयार केलेली होती. ती जपान्यांना माहीत नव्हती, म्हणून तिथली विमाने तरी उडाली. पाणतीर लटकावून त्रिंकोमालीहून निघालेली सहा स्वोर्डफिश विमाने नेमकी याच वेळी येऊन पोचली आणि सहाच्या सहा पडली. बंदरात टेनेडॉस ही विनाशिका आणि हेक्टर हे शस्त्रसज्ज व्यापारी जहाज बुडाले. अंगोडाच्या मनोरुग्णालयावरही बॉम्ब पडले. पण ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला ते आरमार बंदरात नव्हते.

दुसऱ्या फेरीची गरज आहे, असे फुचिदाने कळवले. नागुमोंनी राखीव विमाने जहाजांवरच्या हल्ल्यासाठी सज्ज ठेवली होती. त्यांचे पाणतीर काढून बंदरावर टाकायचे बॉम्ब लावण्याचा हुकूम सुटला. काम अर्ध्यावर असताना टेहळणी विमानाने कळवले की दक्षिणेकडे पळणारी शत्रूची दोन जहाजे दिसत आहेत. हुकूम फिरला. बॉम्ब काढा, पाणतीर लावा. हँगरमध्ये घामाघूम झालेल्या माणसांची ही ओढाताण चालू असताना वेळ हातचा चालला, म्हणून शेवटी सूर मारून बॉम्ब टाकणारी विमानेच तेवढी पुढे धाडली गेली. त्या दिवशी याची शिक्षा कोणाला झाली नाही. शिक्षा बरोबर साठ दिवसांनी, ४ जूनला, मिडवेच्या लढाईत झाली. हीच ओढाताण, हेच नागुमो, आणि डेकखाली उघड्यावर पडलेले बॉम्ब.

ती दोन जहाजे म्हणजे डॉर्सेटशायर आणि कॉर्नवॉल. रात्री कोलंबो सोडून त्या सॉमरव्हिलना गाठायला निघाल्या होत्या. दुपारी दीडनंतर जपानी वैमानिक एगुसाच्या नेतृत्वाखालच्या त्रेपन्न विमानांनी सूर्याच्या बाजूने एकामागून एक सूर मारला. बॉम्ब फुकट जातच नव्हते. वर्षभरापूर्वी बिस्मार्कवर अखेरचे पाणतीर सोडणारी डॉर्सेटशायर आठ-दहा मिनिटांत गेली, पाठोपाठ कॉर्नवॉलही. तेलाने माखलेल्या पाण्यात हजारावर माणसे तरंगत राहिली. डॉर्सेटशायरचे कप्तान ऑगस्टस अगर यांनी आपल्या माणसांना एकत्र बांधून ठेवले. मोजक्या होड्यांत जखमी, बाकीचे पाण्यात पाळीपाळीने फळ्यांना धरून, डोक्यावर चिंध्या. तीस तासांनी, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, एंटरप्राइज, पॅलाडिन आणि पँथर या नौकांनी ११२२ जणांना उचलले. ४२४ जण गेले.

आणि क्रूझर बुडाल्या त्याच, ५ एप्रिलच्या, संध्याकाळी ती लढाई व्हायची राहिली. इन्डॉमिटेबलवरून टेहळणीला गेलेली दोन अल्बाकोर विमाने थेट नागुमोंच्या ताफ्यावर पोचली. एक पडले, दुसरे मार खाऊन परतले. दोन्ही आरमारांमध्ये तेव्हा दीड-दोनशे मैलांच्या आतबाहेरचे अंतर होते, रात्र पडत होती आणि सॉमरव्हिलना हवी ती संधी हीच होती. पण मिळालेली माहिती तुटक आणि उलटसुलट निघाली. ते वायव्येकडे शोधत राहिले. नागुमो आग्नेयेला निघून गेले होते.

नागुमोंचे काय? ज्या प्रकारची विमाने विमानवाहू नौकेवरून उडतात, ती दोन विमाने भर समुद्रात त्यांच्या माथ्यावर आली होती. बुडवलेल्या क्रूझर नैर्ऋत्येकडे जोरात कुणाला तरी गाठायला निघाल्या होत्या. नकाशावर रेघ लांबवली असती तरी पुरे होते. त्या दिशेला शोध घेतलाच गेला नाही. पर्ल हार्बरपासून समोर येईल ते बुडत गेल्यामुळे, समोर न आलेले शोधायची सवय या ताफ्याला लागलीच नव्हती, असे माझे मत.

इकडे बंगालच्या उपसागरात ओझावा यांच्या दुसऱ्या जपानी ताफ्याने तीन तुकड्या करून व्यापारी जहाजांचा फडशा पाडला. कलकत्त्यावर हवाई हल्ला होईल या भयाने बंदरातली जहाजे बाहेर पिटाळली होती. सोबतीला ना युद्धनौका ना विमान. ओझावांच्या मोहिमेत २३ जहाजे, सुमारे एक लाख बारा हजार टन, तळाला गेली. ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या भट्ट्यांवर आणि डेकवर राबणारे खलाशी सिल्हेट-चितगावचे, तसेच कोकणचे आणि गोव्याचे. बुडालेल्या जहाजांच्या कहाण्यांत कप्तानांची नावे येतात, यांची सहसा येत नाहीत. ६ एप्रिलला र्यूजो या छोट्या विमानवाहू नौकेच्या विमानांनी विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर बॉम्ब टाकले. नुकसान किरकोळ, दहशत प्रचंड. मद्रासमध्ये शत्रू उतरणार या अफवेने रेल्वे स्थानकांवर झुंबड उडाली आणि सरकारी कचेऱ्या आत हलवल्या गेल्या. पश्चिम किनाऱ्याबाहेर जपानी पाणबुड्या फिरत होत्या. त्यांतल्या एकीने २ एप्रिललाच मुंबईपासून काहीशे मैलांवर अरबी समुद्रात क्लॅन रॉस हे जहाज बुडवले होते.

हे सगळे घडत होते तेव्हा दिल्लीत ब्रिटिश मंत्री क्रिप्स यांच्या काँग्रेसशी वाटाघाटी चालू होत्या आणि संरक्षण खाते कोणाच्या हाती, यावर गाडे अडले होते. ज्यांना आंध्रचा किनारा राखता आला नाही ते संरक्षण सोडायला तयार नाहीत, हे लोक उघड्या डोळ्यांनी पाहत होते. काँग्रेसने प्रस्ताव फेटाळला तो याच आठवड्यात. इंग्रजांचे इथे असणेच जपानला आमंत्रण आहे, असे गांधीजी त्या उन्हाळ्यात ‘हरिजन’मधून मांडू लागले, आणि ऑगस्टमध्ये गवालिया टँकवर ‘छोडो भारत’ झाले. आरमारी इतिहासात हा भाग तळटीपेत जातो. माझ्या मते धाडीचा सर्वांत खोल घाव इथेच बसला. जहाजे पुन्हा बांधता आली, सरकारची पत नाही.

८ एप्रिलला अड्डूत परतून सॉमरव्हिलनी हिशेब केला. जुन्या चारही नौका सोबत असणे म्हणजे गळ्यातले लोढणे. त्यांना त्यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, मोंबासाजवळच्या किलिंदिनीला धाडले. वॉरस्पाइट आणि दोन्ही मोठ्या विमानवाहू नौका घेऊन ते स्वतः मुंबईकडे निघाले. पूर्व हिंदी महासागर सोडून दिल्याची ही कबुली होती आणि लंडनने ती मान्य केली.

नागुमो अजून संपलेले नव्हते. ९ एप्रिलला सकाळी त्रिंकोमालीवर हल्ला झाला. इथे रडारने वेळेवर खबर दिली, चायना बे विमानतळाची हरिकेन वर जाऊन भिडली आणि जपान्यांना किंमत मोजावी लागली. तेलाची एक टाकी पेटली. बंदर आदल्या रात्रीच रिकामे केले होते. हर्मिस किनाऱ्यालगत दक्षिणेला गेली होती आणि परतताना बट्टिकलोआजवळ दिसली. विमानवाहू नौका म्हणूनच आराखडा काढलेली जगातली पहिली नौका ती; त्या दिवशी तिच्यावर एकही विमान नव्हते. तिने संरक्षण मागितले, संदेश इकडून तिकडे फिरत राहिले, विमाने पोचेपर्यंत सगळे आटोपले होते. दहाएक मिनिटांत तिच्यावर चाळीसच्या आसपास बॉम्ब बसले, असा जपान्यांचा दावा आहे. कप्तान ऑन्स्लो यांच्यासह ३०७ जण गेले. सोबतची व्हँपायर ही ऑस्ट्रेलियन विनाशिकाही बुडाली. जवळून जाणाऱ्या व्हिटा या रुग्णालय-जहाजामुळे सहाशेच्या आसपास लोक वाचले.

त्याच सकाळी साडेदहाच्या सुमाराला अकागीभोवती एकाएकी पाण्याचे उंच स्तंभ उसळले. नऊ ब्लेनहाइम बॉम्बर अकरा हजार फुटांवरून येऊन बॉम्ब टाकून गेली होती आणि ते पडेपर्यंत ताफ्यातल्या कुणाच्याही नजरेला ती आली नव्हती. एकही बॉम्ब लागला नाही. मग झीरो मागे लागले आणि नऊपैकी पाच विमाने परतली नाहीत. नागुमोंच्या ताफ्यावर झालेला हा पहिला हवाई हल्ला. उंचावरून येणारा शत्रू टेहळणीला दिसत नाही आणि झीरो वेळेवर वर पोचत नाहीत, हे त्या दिवशी ढळढळीत कळले. त्यावर उपाय काय केला? काही नाही. मिडवेला अमेरिकी विमाने याच वाटेने आली.

१३ एप्रिलला वॉरस्पाइट आणि तिच्या जोडीदार मुंबईच्या बंदरात शिरल्या. नागुमो त्याच सुमाराला मलाक्काच्या सामुद्रधुनीतून मायदेशी निघाले होते. त्यांनी गमावली वीसच्या आसपास विमाने. इंग्रजांनी एक विमानवाहू नौका, दोन क्रूझर, दोन विनाशिका आणि दोन डझनांवर व्यापारी जहाजे. आकडे जपानच्या बाजूचे. पण हिंदी महासागरातल्या ज्या वाटा तोडायच्या होत्या त्या तशाच चालू राहिल्या आणि नागुमो परत कधी आले नाहीत. शोकाकू मे महिन्यात कोरल समुद्रात जबर जखमी झाली, झुइकाकूची विमाने तिथेच खर्ची पडली; म्हणून मिडवेला दोघीही नव्हत्या. अकागी, सोर्यू आणि हिर्यू मिडवेला बुडाल्या. इंग्रजांनी मे महिन्यात मादागास्करचे दिएगो सुआरेझ बंदर घेतले आणि आफ्रिकेची बाजू बांधून टाकली.

सॉमरव्हिल यांना परत यायला दोन वर्षे लागली. १९ एप्रिल १९४४ला, इलस्ट्रियस आणि अमेरिकेची सॅराटोगा या विमानवाहू नौका घेऊन, ते सुमात्राच्या उत्तर टोकाशी सबांग बंदरासमोर पोचले. पहाटे विमाने सुटली आणि बंदर बेसावध सापडले. हल्लेखोरांचे एकच विमान पडले, आणि त्याचा अमेरिकी वैमानिक टॅक्टिशियन या ब्रिटिश पाणबुडीने किनाऱ्यावरच्या माऱ्यात वर येऊन उचलून नेला.